कॉलवर आवाज येत नाही, घुमतो, तुटतो: आधी काय बघायचं आणि मग काय

आवाजाची तक्रार आली की आपल्याकडे इंदुरात लोक दोनच गोष्टी करतात, एकतर जेल रोडवरून नवा हेडफोन घेऊन येतात नाहीतर नेटचा प्लॅन वाढवून टाकतात, आणि एवढं करूनही रविवारी संध्याकाळी पुण्याहून मुलगी म्हणतेच की आई तुझे ओठ हलताना दिसतायत पण ऐकू काहीच येत नाहीये. पैसे गेले ते गेले, वर तो कॉलही गेला, आणि आठवड्यातून एकदाच निवांत बोलणं होत असेल तर तो कॉल वाया जाणं ही मला तरी लहान गोष्ट वाटत नाही. सुदामा नगर, तिलक नगर, राजेंद्र नगर, इकडच्या ओळखीच्या घरांतून मला याच कामासाठी बोलावणं येतं आणि बहुतेक वेळा काहीही विकत न आणता काम होतं, फक्त आवाज नेमका कुठे अडकलाय ते आधी शोधावं लागतं. ते कसं शोधायचं तेच इथे लिहितोय.

बघा, तुमचा आवाज माइकमध्ये जातो, माइकमधून विंडोजकडे, विंडोजकडून झूम, मीट, टीम्स, व्हॉट्सॲप जे काही असेल त्या ॲपकडे, तिथून वायफायने राउटरला, राउटरमधून बाहेर नेटवर, आणि मग समोरच्याच्या घरात हाच प्रवास उलटा. यातली एक जागा जरी अडली तरी आपण म्हणतो "कॉम्प्युटर बिघडला". म्हणून सेटिंगला हात लावायच्या आधी ही साखळी मधून तोडून बघायची. विंडोज ११ मध्ये साउंड रेकॉर्डर आणि विंडोज १० मध्ये व्हॉइस रेकॉर्डर नावाचं छोटं ॲप आधीपासूनच असतं, ते उघडा, दहा सेकंद बोला, परत ऐका. तुमचा आवाज त्यात स्वच्छ आला म्हणजे माइक, पिन, ड्रायव्हर (माइक-स्पीकर चालवणारा विंडोजमधला छोटा प्रोग्रॅम), विंडोज सगळं ठीक आहे, त्यांच्या मागे लागू नका, भानगड ॲपमध्ये किंवा नेटमध्ये आहे. रेकॉर्डिंगच खराब आलं तर नेटवाल्याला फोन करून काही उपयोग नाही, गोष्ट घरातच आहे.

मग दुसरं, त्याच वायफायवर मोबाइल लावून त्याच माणसाला कॉल करा. मोबाइलवर छान आणि कॉम्प्युटरवर खराब म्हणजे कॉम्प्युटरचं काहीतरी. मोबाइलवरही तसंच तुटतंय तर वायफाय बंद करून सिमच्या डेटावर करून बघा, त्यावर नीट झालं म्हणजे घरचं वायफाय किंवा ब्रॉडबँड, आणि त्यावरही तसंच झालं तर समोरच्याला सांगा की आता तू तुझ्याकडे हेच सगळं कर. एवढ्याने निम्मी शोधाशोध संपते.

पूर्वी स्काइपवर टेस्टसाठी एक खास नंबर असायचा, आपण बोललेलं तो परत ऐकवायचा, फार कामाची सोय होती. स्काइप ५ मे २०२५ ला बंद झालं, आमच्याकडे आजी-आजोबा अजूनही "स्काइप लाव" असंच म्हणतात, पण तशी सोय आता दुसरीकडे आहे. टीम्सच्या सेटिंगमध्ये डिव्हाइसेसमध्ये टेस्ट कॉल असतो आणि झूमचं झूम डॉट यूएस स्लॅश टेस्ट हे पान उघडलं की एकट्याने मीटिंगमध्ये जाऊन स्पीकर आणि माइक दोन्ही तपासता येतात. समोरच्याला ताटकळत ठेवून "हॅलो हॅलो आता येतंय का" करण्यापेक्षा हे दहा मिनिटं आधी करून घ्या.

घुमणारा आवाज कोणाच्या घरचा?

हे नीट वाचा कारण यातच सगळ्यात जास्त लोक उलट्या दिशेने जातात. बोलताना तुमचाच आवाज तुम्हाला परत ऐकू येत असेल तर गडबड तुमच्याकडे नाही, समोरच्याकडे आहे. तुमचा आवाज त्याच्या स्पीकरमधून बाहेर पडतो, खोलीत फिरतो, त्याच्याच माइकमध्ये शिरतो आणि तुमच्याकडे परत येतो. ज्याच्या घरी हे घडतंय त्याला बिचाऱ्याला काहीच कळत नाही, त्याला सगळं छान ऐकू येत असतं. तेव्हा तुम्ही तुमचे हेडफोन कितीही बदलले तरी फरक पडणार नाही, त्याला हेडफोन लावायला सांगा किंवा स्पीकरचा आवाज कमी करायला सांगा. हे लगेच पडताळून बघता येतं, समोरच्याला अर्धा मिनिट म्यूट व्हायला सांगा आणि बोला, घुमणं थांबलं तर तिथलंच होतं. चार-पाच जण कॉलवर असतील तर एकेकाला म्यूट करत जा, ज्याच्या म्यूटने थांबेल तो सापडला.

आणि त्याच्या उलट, समोरचे सगळे म्हणत असतील की आम्हाला आमचाच आवाज परत येतोय, तर तुमचा स्पीकर आणि माइक एकमेकांच्या फार जवळ आहेत किंवा स्पीकरचा आवाज फार मोठा आहे. आजकालच्या ॲपमध्ये असा परत आलेला आवाज कापायची सोय असते पण स्पीकर फुल करून माइकच्या शेजारी ठेवला तर ती तरी काय करणार. हेडफोन लावला की हा प्रश्न जागच्या जागी संपतो.

कानात घुसणारी शिट्टी मात्र वेगळी गोष्ट. ती बहुतेक वेळा एकाच खोलीत दोन उपकरणं एकाच मीटिंगमध्ये असली की वाजते, म्हणजे नातू लॅपटॉपवर आणि आजोबा शेजारच्या सोफ्यावर मोबाइलवर, दोघंही त्याच साखरपुड्याच्या कॉलमध्ये. एका उपकरणाचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद करा, नुसता माइक बंद करून भागत नाही, कारण त्याच्या स्पीकरमधून येणारा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये जातच राहतो.

आवाज अजिबातच नाही

आधी सगळ्यात साधं. काही कीबोर्डवर माइक म्यूट करायचं बटण असतं, काही लॅपटॉपवर ते वरच्या एफवाल्या रांगेत असतं आणि त्यात छोटा दिवा लागतो, हेडफोनच्या वायरीवरही एक सरकती कळ असते आणि ती शर्टाला घासून सरकते. झूममध्ये तर अजून एक, मीटिंगमध्ये शिरल्यावर जॉइन विथ कॉम्प्युटर ऑडिओ हे बटण दाबावं लागतं, घाईत ती खिडकी बंद केली की चित्र दिसतं पण आवाज ना येतो ना जातो. खाली डाव्या कोपऱ्यात माइकच्या जागी हेडफोनचं चित्र दिसत असेल तर हेच झालंय असं समजा.

मग येतो चुकीच्या वस्तूवर गेलेला आवाज, आणि घरच्या कॉम्प्युटरवर सगळ्यात जास्त हेच सापडतं. एचडीएमआयची वायर लावून टीव्ही किंवा नवा मॉनिटर जोडला की विंडोज पुष्कळदा आवाज तिकडे पाठवतं, मग त्या मॉनिटरला स्पीकर असो नसो. वेबकॅममध्ये स्वतःचा माइक असतो, तो जोडला की विंडोज त्यालाच माइक धरून बसतं आणि तुम्ही हेडफोनच्या माइकमध्ये बोलत राहता. सेटिंग्जमध्ये सिस्टम, त्यात साउंड, तिथे वर आउटपुट आणि खाली इनपुट अशी यादी दिसेल, त्यात जे खरंच वापरायचंय त्यावर टिक करा आणि बोलताना इनपुटची पट्टी हलते का बघा. पट्टी हलतेय म्हणजे विंडोजपर्यंत आवाज पोचतोय. पण लक्षात घ्या, ॲपची यादी वेगळी असते, विंडोजमध्ये बरोबर असूनही झूममध्ये जुनाच माइक निवडलेला राहू शकतो, म्हणून म्यूटच्या बटणाशेजारचा छोटा बाण दाबून तिथेही बघायचं.

पट्टी हलतेय, ॲपमध्ये माइकही बरोबर आहे, तरी आवाज जात नाही? मग परवानगी. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मायक्रोफोन, विंडोज १० मध्ये नुसतं प्रायव्हसी आणि मायक्रोफोन. तिथे वरचं मोठं बटण चालू पाहिजे आणि अगदी खाली डेस्कटॉप ॲप्सना माइक वापरू द्या असं एक वेगळं बटण असतं, ते लोकांच्या नजरेतून सुटतं, ते पण चालू पाहिजे. ब्राउझरमधून मीट लावत असाल तर पत्त्याच्या पट्टीच्या डाव्या टोकाला जी खूण असते ती दाबा, मायक्रोफोन चालू करा आणि पान रिफ्रेश करा, रिफ्रेश केल्याशिवाय लागू होत नाही. पहिल्यांदा विचारलं तेव्हा कोणीतरी ब्लॉक दाबलेलं असतं आणि मग ब्राउझर पुन्हा कधी विचारतच नाही.

पिन आणि भोकं

तिलक नगरला एका काकूंकडे जुना डेस्कटॉप आहे, त्यांचा मुलगा बंगळुरूला. त्यांची तक्रार अशी की मला सगळं ऐकू येतं पण त्याला माझं काहीच ऐकू जात नाही. मोबाइलबरोबर आलेला इअरफोन कॅबिनेटच्या मागच्या हिरव्या भोकात लावलेला होता. आता हे कितीही सेटिंग केलं तरी चालणार नाही कारण हिरवं भोक फक्त आवाज बाहेर काढायचं आहे, माइकचं भोक गुलाबी, आणि निळं आहे ते बाहेरचा आवाज आत घ्यायचं, लाइन इन. मोबाइलच्या इअरफोनच्या पिनवर तीन काळ्या रेघा असतात, त्यात डावा कान, उजवा कान, माइक आणि ग्राउंड असं चारही एकाच पिनवर असतं. नुसत्या ऐकायच्या हेडफोनच्या पिनवर दोनच रेघा. रेघा मोजल्या की हेडफोनला माइक आहे की नाही ते दुकानातच कळतं.

अशा डेस्कटॉपला एक छोटा वाय आकाराचा जोड लागतो, त्याच्या एका टोकाला इअरफोनची पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन पिना, एक हिरव्यात एक गुलाबीत. स्वस्त वस्तू आहे, सिल्व्हर मॉलमध्ये किंवा जेल रोडला मिळून जाते. काकूंकडे तेवढंच लावलं आणि संध्याकाळी बंगळुरूहून फोन आला की आज पहिल्यांदा आईचा आवाज खोलीतून आल्यासारखा आला.

लॅपटॉपला मात्र बहुतेक एकच भोक असतं आणि तिथे तीन रेघांची पिन सरळ चालते. पिन लावली की कधी कधी एक खिडकी येऊन विचारते की काय जोडलंत, हेडफोन, हेडसेट की माइक, तिथे हेडसेट निवडा, हेडफोन निवडलं तर माइक बाजूला पडतो. एकाच कानात आवाज येत असेल तर पिन पूर्ण आत गेलीय का बघा, टक असं लागलं पाहिजे. डेस्कटॉपच्या पुढच्या बाजूचं भोक मेलेलं वाटत असेल तर मागचं वापरून बघा, पुढच्या भोकाची वायर आत मदरबोर्डवर कित्येकदा लावलेलीच नसते.

नवा घ्यायचाच असेल तर माझं मत स्पष्ट आहे, कॉलसाठी साधा वायरवाला यूएसबी हेडसेट घ्या, तोंडासमोर दांडी येते तो. त्यात आवाजाचा स्वतःचा छोटा सर्किट असतो त्यामुळे ही पिना-भोकांची सगळी भानगडच राहत नाही, आणि माइक तोंडाजवळ राहतो, महाग मिळणाऱ्या कानातल्या बारीक बड्सपेक्षा यावर बोलणं जास्त स्वच्छ जातं. फक्त तो अगदी ओठांसमोर धरू नका, प आणि फ म्हटलं की हवेचा धक्का बसतो, ओठांच्या कोपऱ्यापाशी दोन बोटं अंतरावर ठेवा.

आवाज बारीक, फाटलेला, नाहीतर मधेच खाली जाणारा

कीबोर्डवर विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा, जी खिडकी येईल त्यात इंग्रजीत एम एम एस वाय एस, टिंब, सी पी एल असं सलग टाइप करून एंटर करा. जुनी साउंडची खिडकी उघडते, मला नव्या सेटिंगपेक्षा हीच आवडते कारण सगळं एका जागी आहे. रेकॉर्डिंगमध्ये तुमच्या माइकवर दोनदा क्लिक करून लेव्हल्समध्ये जा. मायक्रोफोन ऐंशी-नव्वदपर्यंत ठेवा. खाली मायक्रोफोन बूस्ट असेल तर तो दहा-दहा डेसिबलने वाढतो, आवाज बारीक असेल तर आधी दहा करून बघा, वीस पुष्कळ होतं, तीसला नेलं की आवाज फाटतो आणि पंख्याची घरघरही तेवढीच मोठी होऊन जाते. समोरचा म्हणत असेल की तुझा आवाज फाटतोय तर बहुतेक कोणीतरी हा बूस्ट टोकाला नेऊन ठेवलेला असतो.

याच खिडकीत शेवटी कम्युनिकेशन्स नावाचा भाग आहे. कॉल आला की विंडोज बाकीचे सगळे आवाज ऐंशी टक्के कमी करतं, तसं सुरुवातीपासूनच ठरवलेलं असतं, आणि कधी कधी त्यात कॉलचाच आवाज खाली जातो. तिथे डू नथिंग करून टाका. आणि माइकवर दोनदा क्लिक केल्यावर जी खिडकी येते तिच्या ॲडव्हान्स्डमध्ये ॲपला एकट्याने ताबा घेऊ द्या अशा अर्थाचा पर्याय असतो त्याची टिक काढा, नाहीतर एक ॲप माइक पकडून बसलं की दुसऱ्याला तो मिळत नाही, टीम्स मागे चालू असताना झूममध्ये माइक न मिळणं यातूनही होतं.

ब्लूटूथचं वेगळंच आहे. गाणं ऐकताना एवढा सुंदर वाजणारा हेडफोन कॉल लागला की एकदम जुन्या टेलिफोनसारखा होतो आणि लोक म्हणतात खराब निघाला. खराब नाही. साध्या ब्लूटूथमध्ये नुसतं ऐकायचं असेल तेव्हा आवाज पूर्ण दर्जाने येतो, पण माइक चालू झाला की दोन्हीकडून आवाज न्यायचा असल्यामुळे तो हँड्स-फ्री पद्धतीवर जातो आणि तिथे दर्जा उतरतो, स्टीरिओही जातो. उपाय सोपा आहे, आउटपुटला ब्लूटूथ हेडफोन ठेवा आणि इनपुटला लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडा, विंडोजमध्येही आणि ॲपमध्येही. ऐकू छान येतं आणि समोरच्यालाही बरं जातं.

एकसारखी घूंऽऽ अशी घरघर येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. थांबली तर अर्थिंगचा प्रश्न आहे, आपली वीज ५० हर्ट्झची, तोच सूर आवाजात मिसळतो. जुन्या घरांच्या बोर्डात तिसरं भोक असतं पण मागे वायर जोडलेली नसते, आणि हे नुसतं कॉलचं नाही, जिवाच्या सुरक्षेचं आहे, तेव्हा इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या, टाळू नका. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवरच घरघर सुरू होत असेल तर तो स्क्वेअर वेव्हवाला इन्व्हर्टर असेल, साइन वेव्हवाल्यावर ती येत नाही. तोवर लॅपटॉप बॅटरीवर चालवून कॉल करायचा.

तुटक आणि रोबोसारखा आवाज

इथे नेट आलं. आणि इथे सगळ्यात आधी स्पीडचं वेड सोडा. नुसत्या आवाजाच्या कॉलला सेकंदाला साधारण शंभर किलोबिट पुरतात, आणि आज बऱ्याच ॲपमध्ये वापरला जाणारा ओपस नावाचा कोडेक, म्हणजे आवाज दाबून छोटा करून पाठवायची पद्धत, जो २०१२ साली प्रमाण म्हणून ठरला, तो तर अगदी सहा किलोबिटपासून चालतो. तुमचा प्लॅन पन्नास एमबीपीएसचा असेल तर तो दोनशेचा करून आवाज सुधारणार नाही. आवाजाला नळाची धार बारीक चालते पण ती मधेमधे खाकरत यायला नको, एकसारखी यायला हवी, आणि स्पीड टेस्टमध्ये जो मोठा आकडा दिसतो त्यावरून हे कळत नाही.

कळतं ते पिंगवरून, म्हणजे एक छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजण्यावरून. स्टार्टमध्ये इंग्रजीत सीएमडी टाइप करून काळी खिडकी उघडा, आधी आयपीकॉन्फिग टाका, डिफॉल्ट गेटवेसमोर जो पत्ता दिसेल तो तुमचा राउटर, बऱ्याच घरी १९२.१६८.१.१ असतो. मग पिंग, स्पेस, उणे चिन्ह लावून टी, स्पेस आणि तो पत्ता, एंटर. एकेक ओळ येत राहील आणि शेवटी मिलिसेकंद दिसतील. राउटर घरातच आहे, तेव्हा आकडा दोन-चार-पाच असा राहिला पाहिजे. मधेच १५०, मधेच ४००, मधेच टाइम्ड आउट असं येत असेल तर नेटवाल्याला शिव्या देऊ नका, तुमचं वायफायच खराब आहे. राउटरपर्यंत सगळं स्वच्छ असेल तर तोच पिंग ८.८.८.८ ला, म्हणजे बाहेरच्या गुगलच्या सर्व्हरला लावा, आता आकडे उड्या मारत असतील किंवा टाइम्ड आउट येत असेल तर गडबड घराबाहेरची. कंट्रोल आणि सी दाबून थांबवलं की खाली किती टक्के हरवले ते लिहून येतं, त्याचा फोटो काढून तक्रारीत लावा, "नेट स्लो आहे" या वाक्यापेक्षा त्या फोटोला जास्त वजन असतं.

वायफाय खराब असेल तर पहिला आणि सगळ्यात चांगला उपाय म्हणजे लॅनची वायर. खरंच सांगतो, राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत एक साधी वायर ओढली की बाकी काही करावं लागत नाही, डेस्कटॉप तर कुठे हलतही नाही. वायर शक्य नसेल तर ५ गिगाहर्ट्झवालं नाव निवडा, ते पटकन चालतं पण भिंतींतून फार जात नाही, रामबाग-नारायण बागेकडच्या जुन्या जाड भिंतींच्या घरात दोन खोल्या ओलांडल्या की संपतं. २.४ गिगाहर्ट्झ लांब जातं पण शेजारच्या सगळ्या घरांचे राउटर, ब्लूटूथ, आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह सगळे त्याच पट्ट्यात गर्दी करतात. त्यावरच राहायचं असेल तर राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनल १, ६ किंवा ११ यातलं एक निवडा, हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत. आणि राउटर टीव्हीच्या मागे, कपाटात, फ्रिजवर ठेवू नका, उघड्यावर उंच ठेवा.

सगळं ठीक असून रोज ठरावीक वेळेलाच तुटत असेल तर घरात कोणाचं काय अपलोड होतंय ते बघा. लग्नाहून आल्यावर चार मोबाइलमधले फोटो, व्हिडिओ एकदम क्लाउडवर चढायला लागतात, त्यांच्या रांगेत तुमच्या आवाजाचे बारीक तुकडे अडकतात, आणि तुम्हाला समोरचा छान ऐकू येतो पण त्याला तुमचं तुटकं जातं. कॉलपुरता बॅकअप थांबवा. तसंच जुन्या कॉम्प्युटरवर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, सीपीयू शंभर टक्क्यांवर असेल तर नेट चांगलं असूनही आवाज रोबो होतो, तेव्हा ब्राउझरचे बाकीचे टॅब बंद करा आणि व्हिडिओ बंद ठेवून बोला. आवाज नीट पोचणं जास्त महत्त्वाचं.

अमेरिकेतल्या पोरांशी बोलताना एक उशीर राहणारच, तो बिघाड नाही. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो आणि अंतरच एवढं आहे की नुसतं जायलाच वेळ लागतो. एका दिशेने १५० मिलिसेकंदांपर्यंत उशीर असेल तर बोलताना फारसा जाणवत नाही, आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशीतही हाच आकडा आहे, त्यापुढे गेलं की दोघं एकदम बोलायला लागतात आणि एकदम थांबतात. तिथे आपणच वाक्य संपल्यावर क्षणभर थांबायची सवय करायची, आई-बाबांनाही हे समजावून सांगितलं की "तो माझं ऐकतच नाही, मधेच बोलतो" ही तक्रार राहत नाही.

खोली, कूलर आणि गाण्याचा क्लास

मे महिन्यात खिडकीतला कूलर चालू असतो आणि नेमकी खुर्ची त्याच्यासमोर असते, हवा थेट माइकवर. कूलर बंद करा असं मी इंदूरच्या उन्हाळ्यात कोणाला सांगणार नाही, खुर्ची फिरवा, कूलरकडे पाठ न करता तो बाजूला येईल असं बसा, आणि लॅपटॉपच्या माइकऐवजी तोंडाजवळचा माइक वापरा. फरशी, उघड्या भिंती, मोठा रिकामा हॉल यात आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो, पडदे आणि गादी असलेल्या खोलीत बसलात की त्याच माइकवर आवाज सुधारतो.

ॲपमधली नॉइज सप्रेशनची सोय कूलर, पंखा चांगला कापते, बोलण्यापुरती ती चालू ठेवा. पण गाणं शिकवताना किंवा शिकताना तीच नडते, आणि आपल्या शहरात हा प्रश्न बऱ्याच घरांत आहे. उस्ताद अमीर खाँसाहेबांचं इंदूर घराणं म्हणजे अतिविलंबित लय, झूमरा ताल, सावकाश उलगडणारा लांब स्वर. आणि या सोयीला काय वाटतं की जो आवाज बराच वेळ एकसारखा चालू आहे तो पंखाच असणार, म्हणून तानपुरा ती पूर्ण गिळते आणि लावून धरलेला षड्ज हळूहळू विरून जातो. विद्यार्थिनीला तिकडे वाटतं की बाईंचा श्वास तुटला, बाईंना वाटतं की मुलीला स्वर टिकवता येत नाही, आणि दोघींचंही काही चुकलेलं नसतं. झूमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स चालू करा, मग मीटिंगमध्ये वर एक बटण येतं ते प्रत्येक वेळी चालू आहे ना ते बघा. माइकचा आवाज आपोआप कमीजास्त करायचा पर्यायही बंद करा नाहीतर मंद्र सप्तकात गेलं की तो आवाज वाढवतो आणि तार सप्तकात दाबतो, सगळा चढउतार सपाट होतो. यात हेडफोन दोन्हीकडे लागतोच, कारण आवाज कापणाऱ्या बाकीच्या सोयी आपण बाजूला ठेवल्यात. आणि गुरू-शिष्यांनी एकदम गाऊ नका, उशिरामुळे लय कधीच जुळणार नाही, आधी एकाने म्हणायचं, मग दुसऱ्याने.

इतकं करूनही नाही झालं तर

तर कॉम्प्युटर रीस्टार्ट, नुसतं शटडाउन करून चालू नाही, रीस्टार्टच. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये साउंडवाल्या भागात जाऊन तुमचं ऑडिओ डिव्हाइस अनइन्स्टॉल करा आणि पुन्हा रीस्टार्ट करा, विंडोज ते परत बसवतं. तरी नाही तर तुमच्या लॅपटॉपच्या किंवा मदरबोर्डच्या कंपनीच्या साइटवरून मॉडेलचं नाव टाकून ऑडिओ ड्रायव्हर घ्या. एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर अपडेट करून देतो म्हणणारे प्रोग्रॅम घेऊ नका. आणि कळकळीने सांगतो, गुगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधून जो पहिला मिळेल त्याला फोन करू नका, तो तुमच्या स्क्रीनचा ताबा घेणारं ॲप टाकायला सांगेल आणि मग बँकेचं खातं रिकामं होतं. आवाजाच्या दुरुस्तीसाठी ओटीपी, यूपीआय, कार्ड यातलं काहीही लागत नाही. घरातल्या ज्येष्ठांना हे आधीच सांगून ठेवा.

आई-बाबांचा कॉम्प्युटर लांबून सांभाळत असाल तर पुढच्या वेळी इंदुरात याल तेव्हा एक काम करून जा. ॲपमध्ये माइक आणि स्पीकर सेम अॅज सिस्टम असं न ठेवता नाव घेऊन निवडून ठेवा, म्हणजे मधे कोणी टीव्ही जोडला तरी कॉल हेडसेटवरच राहील. जे माइक कधीच वापरायचे नाहीत ते त्या जुन्या साउंडच्या खिडकीत उजवं क्लिक करून डिसेबल करा. हेडसेटची यूएसबी पिन कुठल्या भोकात लावायची तिथे रंगीत टिकली चिकटवा. आणि फोनवरून मदत करताना "सेटिंग्जमध्ये जा" असं म्हणू नका, "माइकच्या चित्रावर लाल रेघ दिसतेय का" असं विचारा, त्यांना त्याचं उत्तर लगेच देता येतं.